शिंगावरचा फोन

नऊ दिवस म्हैस सांभाळायचं काम सोमनाथनं आपणहून अंगावर घेतलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं हाच माणूस सगळ्यांना सांगत सुटला की ते त्याच्यावर लादलं गेलं. तसं काही नव्हतं. त्याची बायको अंजली बारा वर्षं निमगाव केतकीत अंगणवाडी चालवत होती. आता पर्यवेक्षिकेची परीक्षा पास होऊन बढतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि त्यासाठी पुण्यात नऊ दिवसांचं निवासी प्रशिक्षण होतं. पत्राच्या तळाला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एक दिवस जरी गैरहजर राहिलात तरी नाव यादीतून कमी. अंजलीनं पत्र दोनदा वाचलं, मागच्या गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मैनेचं काय?"

"काय म्हंजे? मी हाय की," सोमनाथ म्हणाला. "म्हशीची धार काढायला काय पदवी लागती?"

अंजली काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही की आपलं म्हणणं तिला पटलं, अशी सोमनाथची बारा वर्षांची समजूत होती.

मैना म्हणजे पंढरपुरी म्हैस. शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, नजर सासूची. तिची पारडी पाच महिन्यांची होऊन वैरण खायला लागली होती, त्यामुळं पारडीला लावून पान्हा सोडवायचा प्रश्न उरला नव्हता. मैना अंजलीच्या हाताची झाली होती. अंजली बसली की दोन मिनिटांत पान्हा. इतर कुणी बसलं तर काय होतं, हे आजवर कुणी तपासलं नव्हतं, कारण इतर कुणी कधी बसलंच नव्हतं.

सोमवारी सकाळची धार काढून अंजली एसटीत बसली. "मैनेला काय झालं तर मला लगेच सांगा, मी येते," हे तिनं खिडकीतून तीनदा सांगितलं. संध्याकाळी सोमनाथ ऑफिसातून आला, पॅन्ट दुमडली, बादली घेतली आणि बसला. कास धुतली. सडांना हात लावला. मैनेनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. ऑफिसच्या खिडकीत उभ्या राहिलेल्या अर्जदाराकडं सोमनाथ जसा बघायचा, तस्संच बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. वीस मिनिटं ओढाओढ करून बादलीत पडलं ते चहापुरतंसुद्धा नव्हतं. तेवढं घेऊन तो उठणार, तर तिनं पाय झाडला आणि तेही गेलं.

मंगळवारी सकाळी तोच प्रकार. कास तट्ट फुगलेली, पण थेंब नाही. दूध अंगावर राहिलं की कास दगडी होते, सड जातात, हे त्यालाही माहीत होतं. आणि मैनेला काही झालं की अंजली पुणं सोडून परत येणार, नाव यादीतून कमी होणार, आणि उरलेलं आयुष्य "तुमाला नऊ दिवस एक म्हैस सांभाळता आली न्हाय" हे वाक्य आपल्याला ऐकावं लागणार, हे तर त्याला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचे रामभाऊ आबा डोकावले. आबांना सल्ला द्यायला कुणी विचारावं लागत नाही.

"सोमनाथराव, वहिनींचं लुगडं नेसा आन् बसा. जनावराला काय, कापडाची वळख असती."

"आबा," सोमनाथ ताठ होत म्हणाला, "मी वर्ग तीनचा कर्मचारी आहे."

"मग पंजाबी ड्रेस घाला."

सोमनाथनं तो सल्ला बाणेदारपणे धुडकावला. पण आबा आत गेल्यावर, वास तरी ओळखेल म्हणून अंजलीची पावडर मानेला नि हाताला फासून तो पुन्हा बसला. मैना सणसणीत शिंकली. तो तसाच उशीर झाला म्हणून ऑफिसला पळाला आणि दिवसभर शेजारच्या टेबलावरचा दादासो त्याला "आज काय कार्यक्रम आहे का?" असं विचारत राहिला.

आता ऑफिसचं सांगितलं पाहिजे. सोमनाथ इंदापूरला एका सरकारी कार्यालयात आस्थापना लिपिक होता. सगळ्यांच्या रजेचे अर्ज त्याच्या टेबलावरून साहेबांकडं जात, आणि त्यांतले निम्मे त्याच्या टेबलावरूनच परत येत. गेल्या वर्षी शिपायानं "गाय व्यायला झाली आहे" म्हणून दोन दिवस मागितले होते. त्यावर सोमनाथनं लाल पेननं लिहिलं होतं, "जनावर कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही." त्या शेऱ्याचं ऑफिसात फार कौतुक झालं होतं. म्हणजे सोमनाथनं स्वतः केलं होतं.

त्या दुपारी सोमनाथनं अर्ज लिहिला. संध्याकाळी तासभर लवकर जाण्याची परवानगी मिळावी, कारण कौटुंबिक अडचण. साहेबांनी बोलावून घेतलं.

"मोघम आहे हो. अडचण कसली?"

सोमनाथ घुटमळला. "साहेब, म्हैस पान्हा सोडत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी लाल पेन उचललं आणि काय लिहिलं ते सोमनाथला उलट्या बाजूनंही वाचता आलं, कारण ते त्याचंच वाक्य होतं. दाराशी उभा असलेला शिपाई छताकडं बघत होता. फार मन लावून बघत होता.

अर्धा दिवस किरकोळ रजा टाकून सोमनाथ जनावरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर भला माणूस. त्यानं मोबाईल काढून म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर विचारला, नंबर टाकला आणि म्हणाला, "मालक अंजलीताई आहेत."

"मी त्यांचा मिस्टर."

"असाल. पण उपचाराची नोंद करायची तर मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो. तो सांगा."

पुण्यात प्रशिक्षणाला बसलेल्या अंजलीच्या फोनवर 'आपल्या जनावराच्या उपचारासाठी' असा निरोप गेला असता, तर ती संध्याकाळच्या एसटीनं दारात उभी राहिली असती. "ओटीपीशिवाय तोंडी सांगा की," तो अजिजीनं म्हणाला. इतक्या अजिजीनं तो लग्नाच्या बोलणीतसुद्धा बोलला नव्हता.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हशीला काही झालेलं नाही. तिला तुमची ओळख नाही, एवढंच."

"एकाच घरात राहतो हो आम्ही! पाच वर्षं!"

"ते ठीक आहे," डॉक्टर म्हणाला. "पण ओळख आहे का?"

घरी येताना त्या प्रश्नानं सोमनाथ चांगलाच बिथरला होता. दारात आबांची बायको ताईबाई भाकरी घेऊन उभी होती. तिनं त्याचा चेहरा बघितला, गोठ्यात जाऊन कास बघितली आणि कपाळावर हात मारला. "अवो, कापडाचं न्हाय आन् वासाचं न्हाय. अंजली तिच्यासंगं बोलत असती. धार निघूस्तवर तोंड बंद नसतं तिचं."

"काय बोलते?"

"त्ये मला काय म्हाईत? दोघींचं चालतं."

सोमनाथला हे नवीन होतं. घरात अंजली फार बोलत नसे. निदान तो असताना तरी. त्यानं गोठ्यात बसून फोन काढला आणि काल दुपारी तिनं पाठवलेला आवाजी निरोप लावला. "पोचले. खोली बरी हाय. मैनेला पेंड भिजवून घाला, कोरडी घालू नका. तुमी जेवला का?" मैनेचे कान उभे राहिले. तिनं एक खोल श्वास सोडला, आणि सोमनाथच्या मुठीत सड भरला. धार बादलीत वाजली, चर्र! तो आनंदानं ओरडणार होता, पण निरोप अठरा सेकंदांचा होता. संपला. धारही संपली. त्यानं पुन्हा लावला, थोडं दूध आलं. तिसऱ्यांदा लावला तर मैनेनं त्याच्याकडं असं बघितलं, की तोच ओशाळला.

मग उपाय एकच राहिला. खरा फोन लावायचा आणि अंजलीला निदान दहा मिनिटं बोलतं ठेवायचं. गोठ्यात रेंज येत होती ती फक्त दावणीच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकी मैनेच्या डोक्याशी. सोमनाथनं फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, रबरानं मैनेच्या डाव्या शिंगाला बांधला, स्पीकर लावला आणि खाली बसला.

"हॅलो, काय झालं?" अंजलीचा घाबरलेला आवाज आला. "मैना बरी हाय ना?"

"मैना मस्त! मी म्हटलं, जरा... कसं काय चाललंय?"

"कुणाचं काय?"

"तुझं."

"अवो, तुमाला ताप हाय का?"

"ताप कशाला असेल? सांग की. आज जेवायला भाजी कोणती होती?"

"कोबी," अंजली म्हणाली. सोमनाथ धार ओढत होता, पण कोबीवर कितीसं दूध येणार? "कशी होती?" त्यानं विचारलं. मग मात्र अंजली सुटली. भाजीत मीठ नव्हतं, आमटीत डाळ नव्हती, खोलीतली भोरची बाई अशी घोरत होती की पंख्याचा आवाज ऐकू येत नव्हता. बादली भरत चालली. सोमनाथ मधूनमधून "मग?" आणि "असं व्हय!" एवढंच घालत होता. सगळी धार निघाली तेव्हा त्याच्या अंगावरचा घाम थंड झाला होता. त्यानं मैनेच्या पाठीवर थाप मारली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "बरं बरं, ठेव आता."

बुधवारपासून हा दोन वेळचा कार्यक्रम झाला. पण रोज वीस मिनिटं बोलणं काढायचं म्हणजे चेष्टा नव्हती. सोमनाथनं ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर प्रश्नांची यादीच काढली. एक, आजची भाजी. दोन, पुण्यातलं ऊन. तीन, भोरची बाई. चार, शिकवणाऱ्या मॅडम. पाच, इतर काही असल्यास. सुरुवातीला अंजली बिचकली. तिनं ताईबाईला फोन करून "ह्यांच्याकडं जरा बघा, प्यायला तर लागले न्हाय ना?" असंही विचारून घेतलं. पण गुरुवारपर्यंत तीच वाट बघायला लागली. फोन लागला की पहिल्या घंटीला उचलायची.

गंमत बघा, मैनेला कोबी नि ऊन फारसं आवडत नव्हतं. अंजली मनातलं काही बोलायला लागली की धार जाड व्हायची. त्यामुळं सोमनाथला नाइलाजानं पाचव्या मुद्द्यावर जास्त जोर द्यावा लागला. आणि पाचव्या मुद्द्यात काय काय निघालं! तिला स्कूटी शिकायची होती आणि त्यानं "आधी सायकल नीट चालव" म्हणून हसण्यावारी नेलं होतं. विहारात बायकांपुढं बोलायला तिला सांगितलं होतं, तिनं आठ दिवस पाठ केलं होतं, आणि त्या दिवशी तो "ऑफिसचं काम" म्हणून आला नव्हता. हे सगळं ऐकताना धार सोडून पळताही येत नव्हतं. दोन्ही हात गुंतलेले आणि तोंडाला फक्त "मग?" म्हणायची मुभा.

शनिवारी अंजली हसत म्हणाली, "एक सांगू? माझा बढतीच्या परीक्षेचा निकाल लागला ना, त्ये मी सगळ्यात आधी मैनेला सांगितलं. तुमच्याकडं आले व्हते, तुमी म्यॅच बघत व्हता. जरा थांब म्हणाला. मग मी गोठ्यात गेले."

सोमनाथचे हात थांबले. मैनेनं शेपटी मारली तसे पुन्हा चालू झाले. "मग?" तो म्हणाला.

"मग काय न्हाय. हितल्या बाया म्हणत्यात, तुझे मिस्टर रोज दोनदा फोन करत्यात, नशीबवान हायस तू. मी म्हटलं, पहिल्यापासून न्हाय हो, आत्ताच शहाणे झालेत."

सोमनाथला त्या क्षणी खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण बादली अर्धीच भरली होती.

रविवारी संध्याकाळी भांडं फुटलं. अंजली भरात येऊन बोलत होती आणि मैनेला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तोंड वर करून मोठ्यांदा रेकून दिलं. फोन तिच्या कानाशीच.

"अगंबाई! मैना हाय व्हय तितं?" अंजली म्हणाली. सोमनाथ गप्प. त्या गप्पपणात बादलीत पडणारी धार स्पष्ट ऐकू गेली. चर्र. चर्र. सोमनाथनं हात काढला, पण व्हायचं ते झालं होतं.

"तुमी धार काढताय."

"...व्हय."

"रोज फोन केला तवा धारच काढत व्हता?"

लिपिकाच्या डोक्यात अशा वेळी सोळा उत्तरं असतात. सोमनाथनं त्यांतलं सगळ्यात वाईट निवडलं. "अगं, ती तुझ्या आवाजाशिवाय पान्हाच सोडत न्हाय. पण तुझी माहितीपण मिळतच होती की."

अंजली अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मला वाटलं माझ्यासाठी करताय. मी सगळ्या बायांना सांगत बसले. ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी सातपर्यंत तुमची तुमाला धार काढता आली तर ठीक. न्हाय तर मी यष्टीनं येते. तिच्या कासंचं वाटोळं करून मला साहेबीण व्हायचं न्हाय." आणि फोन बंद. त्यानं पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

सोमवारी सकाळी सहाला सोमनाथ बादली घेऊन बसला. फोन घरातच ठेवला होता. मैनेनं रिकाम्या शिंगाकडं कान फिरवला आणि वाट बघू लागली. सोमनाथनं घसा साफ केला नि यादी काढली. "आजची भाजी... ताईबाईंनी शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या." काही नाही. ऑफिसातल्या दोन गमती सांगितल्या. काही नाही. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. कास दगडासारखी. पुण्यात ती बॅग भरत असणार, हे त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं, आणि त्याचा तोल गेला.

"काय ऐकायचंय तुला?" तो मैनेवर ओरडला. "निकालाचं ऐकायचंय? तर ऐक! ती आली तवा मला कळलं व्हतं निकाल लागला म्हणून. तोंडावरनंच कळलं. मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवला!"

मैना वैरण चावायची थांबली.

"भ्या वाटलं मला," सोमनाथ म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "ती साहेबीण हुणार. गाडीतनं गावं फिरणार. आन् मी खिडकीत बसून लोकांचे अर्ज परत पाठवणार. लोक म्हणत्याल, त्यो बघा, मॅडमचा नवरा. बायकोचा निकाल लागला आन् मला माझंच पडलं व्हतं, बघ. असला कसला मी?" त्यानं कपाळ मैनेच्या उबदार कुशीला टेकवलं. "आन् खरं सांगू? सहा दिवस तिचं बोलणं ऐकलं ना, मला दुधाचं कवाच विसरायला झालं व्हतं. काल तिनं फोन ठेवला आन् घर खायला उठलं. तिला कसं सांगू गं? ती आता माझं काय ऐकणार?"

असं किती वेळ चाललं, त्यालाही सांगता येणार नाही. मुठीत काहीतरी गरम भरलं तेव्हा तो भानावर आला. धार चालू होती. भरघोस, जाड, फेसाळ धार. कधी सुरू झाली ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टरनं पुढं सांगितलं की कास तटतटून भरली की केव्हातरी सुटतेच. शिवाय माणूस मोकळा झाला की त्याचे हात सैल पडतात आणि जनावराला ते कळतं. ज्याला जे पटेल ते त्यानं धरावं. सोमनाथ त्या वेळी रडत होता आणि धार काढत होता, आणि दोन्ही कामं एकदम करणाऱ्या माणसाकडून कारणमीमांसेची अपेक्षा ठेवू नये.

बादली घेऊन उठला तर भिंतीवर रामभाऊ आबांचं डोकं. आबांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याची होती नव्हती ती अब्रू त्या भिंतीपाशी संपली. पण आबा एरवीसारखे हसले नाहीत. काही न बोलता खाली उतरले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या घरातून आवाज आला, "अगं, तुझा गुडघा कसा हाय आता?" त्यावर ताईबाईचा आवाज, "कोन मेलं?"

सातला दहा कमी असताना सोमनाथनं भरलेल्या बादलीचा फोटो पाठवला. उत्तर यायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत तो गोठा ते दार अशा अकरा खेपा घालून आला. मग फोनवर निरोप आला. "बरं. मी थांबते. उद्या हितली शेवटची परीक्षा हाय." एवढंच. सोमनाथ मटकन पायरीवर बसला. बढती वाचली, मैना वाचली. बाकी राहिलं होतं, पण ते फोटोनं मिटणारं नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

त्या दिवशी ऑफिसात त्यानं दोन रजेचे अर्ज आले तसे पुढं पाठवले. शिपायानं ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितले, शेरा कुठं आहे म्हणून.

संध्याकाळी मैनेपाशी बसला. दिवसभराचं सगळं तिला सांगितलं, साहेबांचं, शिपायाचं. तिनं फारसे आढेवेढे न घेता पान्हा सोडला. दूध गाळून झालं, डेअरीत घालून झालं, बादली धुऊन पालथी टाकून झाली. हातपाय धुऊन तो गोठ्यापासून लांब, पार पुढच्या दारी आला आणि त्यानं फोन लावला. खूप घंट्या गेल्या. उचलणार नाही असं वाटलं, तेवढ्यात उचलला.

"काय झालं?" अंजलीचा आवाज कोरडा होता. "पान्हा सोडत न्हाय का?"

"सोडला की. धार कवाच झाली. दूध घालूनपण आलो."

"पारडीला काय झालं?"

"न्हाय, न्हाय. ती बरी हाय."

"मग?"

सोमनाथनं खिशात हात घातला. यादीचा कागद तिथं नव्हता. "मग काय न्हाय," तो म्हणाला. "तुझ्याशी बोलावं वाटलं, म्हणून केला."

पलीकडं बायकांचा गलका ऐकू येत होता. ताटं वाजत होती, कुणीतरी अंजलीला जेवायला हाका मारत होतं. सोमनाथनं या वेळी काही विचारलं नाही, नुसता फोन कानाला लावून उभा राहिला.

"थांबा जरा," शेवटी अंजली म्हणाली. "हितं काय ऐकू यीना. मी भाईर येते."